बालगृहातल्या मुलाला कायमचं घर मिळावं म्हणून: नव्या स्वयंसेवकासाठी पाठपुराव्याची वाट

बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, खोलीबाहेर बाकड्यावर एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. त्याची फाइल माझ्या मांडीवर. तीन वर्षांच्या त्या फाइलीत जवळपास प्रत्येक आढाव्याला एकच ओळ होती: 'पालकांचा शोध सुरू आहे.' अक्षर बदलायचं, शाई बदलायची, ओळ तीच. आणि पान तीनवर, तो सापडला त्या दिवशीच्या नोंदीत, समासात पेन्सिलीने एका गावाचं नाव आणि एक फोन नंबर लिहिलेला होता. पुढे 'मावशी?' असं प्रश्नचिन्हासकट.

त्या नंबरावर कोणी फोन केल्याची नोंद फाइलीत कुठेच नव्हती. मी लावला तेव्हा तो बंद होता. पण गावाचं नाव तर होतं.

यात कोणी दुष्ट नव्हतं. पहिल्या परिविक्षा अधिकाऱ्याची (मुलाच्या घरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) बदली झाली, दुसऱ्याकडे शंभर कामं, अधीक्षक नवे आले, समितीची मुदत संपून नवी समिती बसली. प्रत्येकाने फाइल शेवटच्या पानापासून वाचली. मुलं बालगृहात वर्षानुवर्षं राहतात त्याचं एक मोठं कारण इतकं साधं आहे: कागद अडतो आणि त्याच्या मागे लागणारं कोणी नसतं. ते मागे लागायचं काम कसं करावं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी इथे लिहितोय. नियम भारतातले आहेत, योजना आणि कार्यालयांची नावं महाराष्ट्रातली.

आधी हे डोक्यात पक्कं करा: 'कायमचं घर' म्हणजे काय

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. बालगृह कितीही चांगलं असलं, तरी ते मधलं स्टेशन. कायद्याने दाखवलेल्या वाटा साधारण अशा: मूल स्वतःच्या घरी परत जाणं; ते जमत नसेल तर नातेवाइकांकडे; कोणीच नसेल तर दत्तक; आणि दत्तकही शक्य नसेल तर प्रतिपालक कुटुंब, म्हणजे ज्याला सगळे 'फॉस्टर केअर' म्हणतात ते.

नवखे लोक बहुतेक वेळा थेट दत्तकावर उडी मारतात. मीही मारली होती. पण बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात, निदान एक आजी तरी असते. मूल तिथे आलेलं असतं ते गरिबीमुळे, आजारपणामुळे, बापाच्या दारूमुळे, आईच्या दुसऱ्या लग्नामुळे. अशा मुलासाठी नवीन आई-बाप शोधण्याआधी जुन्या घराची दुरुस्ती होते का, हे बघायचं असतं.

आत शिरायचं कसं

बालगृहाच्या दारात जाऊन 'मला मुलांसाठी काहीतरी करायचंय' म्हणालात तर वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव जाईल. केस हातात मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. कोणाही अनोळखी माणसाला मुलाची फाइल का द्यावी?

अमेरिकेत १९७७ साली सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना मुलांबद्दलचे निकाल देताना पुरेशी माहिती समोर नसते हे टोचायला लागलं. त्यांनी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन एकेका मुलासाठी कोर्टात उभं करायला सुरुवात केली. पुढे ती पद्धत त्या देशभर पसरली. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, पण फट आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत 'केस वर्कर' अशी व्याख्या आहे: नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, जो मुलासोबत समितीपुढे जातो आणि समिती सांगेल ती कामं करतो. तेव्हा या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी आधी जोडून घ्या. पोलिस पडताळणी करून घ्या. संस्थेचं पत्र घेऊन जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा आणि समितीची लेखी परवानगी मागा. ही लेखी परवानगी जपून ठेवा. पुढच्या दोन वर्षांत ती पन्नास वेळा दाखवावी लागते.

आणि एक कुलूप पहिल्याच दिवशी तोंडाला लावा. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. कलम ७४ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. 'चेहरा झाकून टाकलाय' म्हणून स्टेटसला लावलेला फोटो शाळेचा गणवेश दाखवत असेल, तर झाकलं काय?

फाइल पहिल्या पानापासून वाचा

एका वेळी एक मूल घ्या. फार तर दोन, तेही भावंडं असतील तर. जाड वही घ्या, मोबाइलवर नोंदी ठेवू नका. मोबाइल हरवतो आणि दुसऱ्याच्या हातीही पडतो.

फाइल वाचताना सगळ्यात आधी एकच तारीख शोधा: मूल समितीपुढे पहिल्यांदा हजर केलं ती. कायद्यातलं घड्याळ तिथून सुरू होतं. मग त्या तारखेखाली एकाखाली एक लिहीत जा: सामाजिक तपासणी अहवाल (मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा) कधी आला, गृहचौकशी झाली का, समितीने कोणते आदेश दिले आणि त्यांचं पुढे काय झालं, वैयक्तिक संगोपन आराखडा (त्या एका मुलासाठी पुढे काय करायचं त्याची लेखी योजना) शेवटचा कधी बदलला, शेवटचा आढावा कधी झाला, भेटीच्या रजिस्टरात शेवटची सही कोणाची.

हे रजिस्टर सहसा फाइलीत नसतं, गेटवर असतं. ते आवर्जून मागा. एका मुलीच्या फाइलीत 'कुटुंबाचा संपर्क नाही' असं लिहिलं होतं आणि गेटवरच्या रजिस्टरात दर रक्षाबंधनाला एका मामाची सही होती. दोन्ही कागद एकाच इमारतीत, मध्ये एक अंगण.

संगोपन आराखडा वाचताना एक खूण बघा. 'मुलाला शिक्षण देणे, चांगले संस्कार करणे' एवढंच लिहिलं असेल तर तो आराखडा कोणाचाही असू शकतो. शेजारच्या मुलाचा काढून बघा, बहुतेक तोच मजकूर निघतो. खऱ्या आराखड्यात कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे असतं. ते नसणं हाच तुमचा पहिला मुद्दा.

मुदती पाठ करा

कायद्याचं पुस्तक अख्खं वाचायची गरज नाही, पण काही आकडे जिभेवर हवेत. सामाजिक तपासणी १५ दिवसांत. समितीचा अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत. अनाथ किंवा टाकून दिलेलं मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त, म्हणजे 'दत्तकमुक्त', जाहीर करायला, मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर २ महिने, त्याहून मोठं असेल तर ४ महिने. आई-वडिलांनी स्वतः येऊन सुपूर्द केलेल्या बाळासाठी २ महिन्यांचा फेरविचाराचा काळ, आणि तो काळ आईचा आहे. त्या दोन महिन्यांत कोणीही घाई करायची नाही.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि महिन्यात किमान वीस दिवस बैठक व्हायला हवी. तुमच्या जिल्ह्यात समिती किती दिवस बसते ते दारावरच्या फलकावरून नाही, शिपायाकडून कळतं. त्याच्याशी ओळख ठेवा.

या मुदती म्हणजे काठी नव्हे. 'कायद्यात असं आहे' म्हणून टेबलावर मूठ आपटणाऱ्याचं काम पहिल्या दिवशी होतं आणि नंतर कधीच होत नाही. मुदत वहीत लिहायची आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत शांतपणे मांडायची.

मुलाजवळ बसा

कायद्याच्या मूळ तत्त्वांत मुलाचा सहभाग आहे: त्याच्याबद्दलच्या निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. प्रत्यक्षात मुलाला विचारतात ते असं: 'घरी जायचंय का रे?' समोर पाच मोठी माणसं, मागे अधीक्षक. मूल मान हलवतं. कोणत्या दिशेने हलवतं याला काही अर्थ नसतो.

पहिल्या दोन-तीन भेटीत घराचा विषयच काढू नका. कॅरम खेळा, गृहपाठ बघा. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जा; याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. या मुलांनी 'पुढच्या आठवड्यात येते हं' म्हणून गेलेली माणसं खूप बघितलेली असतात. यायचं जमणार नसेल तर फोन करून मुलाला स्वतः सांगा.

मग हळूहळू छोटे प्रश्न. आजारी पडलास की कपाळावर हात कोण ठेवायचं? भांडी कोण घासायचं? शाळेत सोडायला कोण यायचं? घराजवळ काय होतं, देऊळ, गिरणी, रेल्वेचं फाटक? अशा प्रश्नांतून माणसंही सापडतात आणि पत्तेही. बाकड्यावरच्या त्या मुलाला मावशीचं नाव आठवत नव्हतं. पण तिच्या अंगणात हातपंप होता आणि शेजारच्या घरात लोहार राहायचा, हे त्याने चित्रात काढून दाखवलं. ग्रामसेवकाला फोनवर एवढं सांगितलं आणि त्याने पलीकडून लगेच आडनाव सांगितलं.

दोन गोष्टी कधीच बोलायच्या नाहीत. एक, 'मी तुला घरी नेऊन सोडीन.' ते तुमच्या हातात नाही. दोन, 'तू सांग, मी कोणाला सांगणार नाही.' मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पोक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा: 'तुझ्या जिवाला धोका असेल असं काही असलं, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल.' मुलं हे समजून घेतात. फसवणूक मात्र विसरत नाहीत.

माणसं शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच सगळ्यात जास्त मिळतं.

पोलिसांचा शोध म्हणजे बहुतेक वेळा दिलेल्या पत्त्यावर एक चक्कर आणि 'सदर पत्त्यावर कोणी मिळून आले नाही' असा अहवाल. तुम्ही दुसऱ्या बाजूने जा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई गावातल्या प्रत्येक घरातली गर्भार बाई ओळखतात, त्यामुळे आठ वर्षांपूर्वी कोणाला मुलगा झाला हे त्यांना ठाऊक असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात आधीच्या शाळेचं नाव सापडतं. पोलिस पाटील, ग्रामसेवक, रेशन दुकानदार. वीटभट्टी किंवा ऊसतोडीवर जाणारं कुटुंब असेल तर मुकादम. मात्र चौकशी करताना मुलाची हकिकत कोणाला सांगायची नाही. 'एका सरकारी कामासाठी या कुटुंबाचा पत्ता हवाय' एवढं पुरतं. आणि स्वतः कुटुंबाच्या दारात जाण्याआधी समितीला कळवा. गृहचौकशी करणं हे बाल संरक्षण कक्षाचं किंवा परिविक्षा अधिकाऱ्याचं काम. तुम्ही त्यांना दार दाखवायचं, फार तर त्यांच्यासोबत जायचं.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा परराज्यातलं असेल, तर त्याला त्याच्या मूळ ठिकाणच्या समितीकडे पाठवायची तरतूद आहे. अशी प्रकरणं फार रखडतात, कारण दोन कार्यालयांमध्ये पत्र फिरत राहतं. पत्राचा जावक क्रमांक घ्या, तिकडे फोन करून आवक क्रमांक विचारा. आवक क्रमांक नसेल तर पत्र पोचलेलंच नाही, मग इकडे कितीही 'पत्रव्यवहार चालू आहे' म्हणोत.

नातेवाईक सापडले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, आणि तो लाजत विचारतात: 'खर्चाचं काय?' उत्तर तयार ठेवा. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल कुटुंबातच राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीचे, दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २,२५० रुपये. कोणती योजना लागू होते ते बाल संरक्षण कक्षात विचारा, आणि अर्ज मूल घरी जाण्याआधी भरून घ्या. मूल गेल्यावर अर्ज भरू म्हटलं की उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आधार यांत चार महिने निघून जातात आणि पाचव्या महिन्यात मूल परत संस्थेत येतं.

बाकड्यावरच्या मुलाच्या मावशीला स्वतःची तीन लेकरं होती. ती पहिल्या भेटीत रडली, पण 'घेऊन जाते' म्हणाली नाही. तिच्या नवऱ्याने स्पष्ट विचारलं, 'चौथं पोट कशावर भरू?' मला तो प्रामाणिक वाटला. अशा माणसाला भावनेने गळ घालू नका. कागद करा.

घर सापडलं म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही, हेही सांगायला हवं. मूल ज्या कारणाने बाहेर पडलं ते कारण अजून त्या घरात राहतंय का? दारू पिणारा काका, मारणारा सावत्र बाप, बारा वर्षांच्या मुलीचं लग्न उरकायच्या गोष्टी. शंका असेल तर ती अहवालात आलीच पाहिजे, मग तुम्ही त्या घरासाठी वर्षभर धडपडला असलात तरी. आपल्याच कष्टाच्या प्रेमात पडून मुलाला धोक्यात ढकलणं ही या कामातली सर्वात वाईट चूक.

कोणीच नसेल तर: दत्तक

शोध खरोखर संपला असेल तर तो संपला असं कागदावर यायला हवं. बहुतेक मुलांचं गाडं इथेच रुततं. पालक सापडत नसल्याचा पोलिसांचा अहवाल आलेला नसतो. तो मुदतीत आला नाही तर पालक सापडत नाहीत असंच धरून पुढे जाता येतं, ही तरतूद खूप जणांना माहीत नसते. ती अर्जात लिहा. मूल दत्तकमुक्त जाहीर करायला समितीच्या किमान तीन सदस्यांच्या सह्या लागतात. सदस्यांची पदं रिक्त असली की तेही अडतं.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं की संस्थांमधली अनाथ, टाकून दिलेली आणि सुपूर्द केलेली मुलं शोधून काढायला दर दोन महिन्यांनी मोहीम घ्या. तुमच्या जिल्ह्यात ती मोहीम झाली का, तुमच्या मुलाचं नाव त्या यादीत आलं का, हा अगदी रास्त प्रश्न आहे. विचारा.

मूल मुक्त जाहीर झालं की दहा दिवसांत त्याचा अभ्यास अहवाल (मूल कसं आहे ते सांगणारा) आणि वैद्यकीय तपासणी अहवाल केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर चढायला हवा. बालगृह स्वतः दत्तक देऊ शकत नाही. त्याला एखाद्या विशेष दत्तक संस्थेशी, म्हणजे दत्तक द्यायची मान्यता असलेल्या संस्थेशी, जोडलेलं असावं लागतं. आठ-दहा वर्षांची मुलं साध्या बालगृहात असतात आणि त्या बालगृहाला दत्तकाचा सराव नसतो, म्हणून ही जोडणी नावापुरती असते. तिथे जाऊन बसा. अभ्यास अहवाल वाचून बघा. 'मूल शांत व आज्ञाधारक आहे' अशा वाक्याने कोणत्या आई-बापाला मूल दिसेल? त्याला सायकलचं पंक्चर काढता येतं, त्याला अंधाराची भीती वाटते, गणित आवडतं, हे त्यात असायला हवं. हे तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्ही कॅरम खेळला आहात.

भावंडं शक्यतो एकत्र राहावीत असं कायदा म्हणतो. लहानगं पटकन दत्तक जाईल म्हणून थोरल्याला मागे ठेवायचा विचार कोणी मांडला, तर त्याची कारणं लेखी मागा.

आणि कुणी ओळखीतलं जोडपं म्हणालं, 'तुमच्याकडे एखादं बाळ असेल तर बघा ना', तर हात जोडून पोर्टलचा पत्ता द्या. परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, पैसे घेतले असोत वा नसोत.

प्रतिपालक कुटुंब

काही मुलांना पालक असतात पण ते सांभाळू शकत नाहीत: कोणी तुरुंगात, कोणी मनोरुग्णालयात. काही मुलं दत्तकमुक्त होऊनही मोठ्या वयामुळे मागे राहतात. यांच्यासाठी फॉस्टर केअर. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ वर्षांवरच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षं मूल सांभाळल्यावर, ते दत्तकमुक्त असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. आधी ही मुदत पाच वर्षं होती. फॉस्टर कुटुंबाची समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. आपल्याकडे अशी कुटुंबं अजून फार थोडी तयार आहेत, त्यामुळे इथे तुमचं निम्मं काम प्रचाराचंच होतं.

समितीपुढे बोलणं

समितीसमोर एका दिवसात पुष्कळ मुलं येतात. तुमच्या वाट्याला पाच मिनिटं. म्हणून एक पान, एकच. माझ्या त्या मुलाचं पान साधारण असं होतं:

'मुलगा, वय ९. पहिली हजेरी या तारखेला. संस्थेत ३ वर्षे २ महिने. अंतिम आदेश झालेला नाही. फाइल पान ३ वर मावशीचा उल्लेख. ग्रामसेवकांकडून पत्त्याची खात्री झाली आहे. मुलाचे म्हणणे: मावशीला भेटायचे आहे, राहायचे की नाही ते भेटल्यावर सांगेन. विनंती: एक, मावशीच्या घराची गृहचौकशी १५ दिवसांत करण्याचे आदेश व्हावेत. दोन, त्यानंतर संस्थेतच मुलाची व मावशीची भेट घडवावी. तीन, अहवाल अनुकूल असल्यास प्रायोजकत्वाचा प्रस्ताव सोबतच ठेवावा. पुढील तारीख मिळावी.'

शेवटच्या तीन शब्दांशिवाय खोलीतून उठायचं नाही. तारीख नसलेला आदेश म्हणजे 'बघू'. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, ते तुमच्या मताविरुद्ध असलं तरी. तुमचं मत वेगळं, खाली लिहा.

अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर पोच घ्या. काम हललं नाही तर आधी तोंडी आठवण, मग लेखी स्मरणपत्र, मग जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, मग जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. त्यानेही भागलं नाही, तर समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार कलम २७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मुलाशी संबंधित कोणीही ती करू शकतं. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील आहे. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या बाबतीत ते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोगही आहे.

या शिडीची शेवटची पायरी मी एकदा पहिली म्हणून चढलो. एका मुलीचा अहवाल महिनोन्महिने येत नव्हता. रागाच्या भरात मी अधीक्षकांशी एक शब्द न बोलता थेट वर तक्रार केली. चौकशीत निघालं की अहवाल वेळेत गेला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यात कोणाच्या तरी गठ्ठ्यात पडून होता. संस्थेची माफी मागितली, पण पुढचे पाच महिने मला त्या मुलीला एकटं भेटू दिलं नाही. शिक्षा तिला झाली. तेव्हापासून तक्रारीआधी मी आवक क्रमांक विचारतो आणि अधीक्षकांबरोबर एक चहा घेतो.

मूल घरी गेल्यावर

पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. संस्थेत घंटेवर जेवण, घंटेवर झोप. घरी घंटा नसते. मूल चोरून पोळ्या उशाखाली ठेवतं, रात्री अंथरूण ओलं करतं, किंवा अति शहाण्यासारखं वागतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं मूल बिघडलेलं आहे. दत्तकानंतर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, पाठपुरावा अहवाल व्हायचे असतात. नातेवाइकांकडे गेलेल्या मुलाच्या बाबतीत तारखा समितीच्या आदेशातच लिहून घ्या. शाळेचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, बँकेचं पासबुक, हे सगळं मुलासोबत गेलं का ते निघायच्या दिवशी पिशवी उघडून बघा. दाखल्याशिवाय गेलेलं मूल जूनपर्यंत घरी बसतं.

सतरा वर्षांचं मूल

ज्यांना कुटुंब मिळालं नाही आणि वय हाताबाहेर गेलं, त्यांच्यासाठी घड्याळ उलटं फिरतं. अठराव्या वाढदिवसाला बालगृह सोडावं लागतं. अनुरक्षणगृहात (अठरानंतर राहायची सोय असते तिथे) किंवा आर्थिक मदतीवर २१ वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो, पण त्याचा अर्ज आधीच हवा. सोळाव्या वर्षापासूनच अनाथ प्रमाणपत्राच्या मागे लागा. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे आणि ते प्रमाणपत्रावाचून मिळत नाही. संस्था सुटल्यानंतर जुन्या नोंदी शोधत फिरणारी पंचविशीतली मुलं मी बघितली आहेत. आणि या वयातही माणसं शोधणं सोडू नका. सणाला ज्याच्या घरी हक्काने जाता येईल असं एक दार, मग ते जुन्या शिक्षिकेचं का असेना, आराखड्यात नावासकट लिहून घ्या.

वही दुसऱ्याच्या हाती देताना

कधीतरी तुम्हाला थांबावं लागेल: बदली, बाळंतपण, थकवा. निदान दोन महिने आधी मुलाला सांगा, नव्या माणसाशी तुमच्यासमोर ओळख करून द्या आणि त्याला वही द्या. पहिल्या पानावर तीन गोष्टी असाव्यात: अडलेला कागद कोणता, तो कोणाच्या टेबलावर आहे, पुढची तारीख कोणती.

बाकड्यावरच्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर आज एवढंच आहे: 'प्रायोजकत्वाचा हप्ता दोन महिने आलेला नाही. बाल संरक्षण कक्ष, मंगळवारी ११ वाजता. जाताना मावशीचं पासबुक मागून घेणे.'